झोपलेली करंगळी

११ जानेवारी

उभी रेघ उथळ आली आहे. आजच्या पाटीवर चार, कालच्या पाटीवर तीन. थोरलीला काही बोलले नाही. काळं जरा जास्त भरलं, पुसलं, पाटी कागदात बांधून दिली.

मला वाचता येत नाही. साठ वर्षं पितळी पाट्यांवरच्या अक्षरांत काळं भरते आहे – दारावरचं नाव असो, बागेतल्या बाकावरचं असो, गेलेल्या माणसाचं असो – पण कोणतं अक्षर काय म्हणतं ते ठाऊक नाही. खोल किती, ते मात्र बोट फिरवलं की कळतं. आधी हे कोरायचे. आता हे नाहीत, आमची थोरली लेक कोरते. यांच्या रेघा शेवटी शेवटी अशाच वर वर येत गेल्या होत्या.

सूनबाई लिहिते आहे, मी सांगते आहे. करार असा की मी सांगीन ते लिहायचं, मध्ये बोलायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. "आणि ऱ्हस्वदीर्घ?" म्हणाली. म्हटलं, ते तुझं तू बघ, मला कुठे दिसणार आहे. – हेही लिहिलंस? बरं केलंस.

१२ जानेवारी

थोरलीच्या हातून कप पडला. "ओला होता," म्हणाली. कप कोरडा होता.

१५ जानेवारी

सूनबाई विचारते, उथळ रेघेचं एवढं काय? तिला कामाची रीत ठाऊक नाही. ती शाळेच्या ऑफिसात बसते, तिथे पेन घासलं की काम झालं. (आत्ता तिने ते जरा जोरातच घासलं.) म्हणून सांगते.

पितळ कोरताना हात हलता कामा नये. त्यासाठी उजवं कोपर लाकडी ठोकळ्यावर रोवायचं. रोवलं की हलवायचं नाही. फिरवायची ती पाटी. दिवसाचे आठ-नऊ तास. ठोकळ्यावर कापड नाही, गादी नाही – कापडावर कोपर सरकतं. वर्षभरात कोपराला घट्टा पडतो. दोन-तीन वर्षांत करंगळी बधिर होते, आणि तिच्या शेजारचं बोट अर्धं. आमच्या कामात एक बोलणं आहे, करंगळी झोपली की हात बसला. जागी करंगळी पितळेवर वळवळते, रेघ बिघडवते. झोपलेली गप पडून राहते. यांच्या वडिलांची झोपली, यांची झोपली, हाताखालच्या दोघा कारागिरांची झोपली. ज्या दिवशी झोपेल त्या दिवशी घरात गोड आणि मालकाच्या हातून नवी कोरणी. नवऱ्या मुलाचं नसेल एवढं कौतुक!

थोरलीची झोपली तेव्हा यांनी तिला स्वतःची कोरणी दिली. दिली, आणि न जेवता वर निघून गेले. मला वाटलं, म्हाताऱ्याला लेकीचा हेवा वाटला. मी दोनदा गोड वाढून घेतलं.

सूनबाईचं पेन थांबलं आहे. "आई, बोट बधिर होणं चांगलं कसं असेल?" करारात मध्ये बोलायचं नव्हतं.

१९ जानेवारी

जेवताना सूनबाईने थोरलीचा उजवा हात धरला आणि सगळ्यांसमोर उलटा केला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधे जो मांसाचा उंचवटा असतो, तो नाहीच. खड्डा. वाटाणा ठेवला तर घरंगळणार नाही असा. शेवटची दोन बोटं पंज्यासारखी आत वळलेली.

"ताई, इथलं मांस कुठे गेलं?"

"उंदरांनी नेलं," थोरली म्हणाली, आणि डाव्या हाताने जेवू लागली.

माझीच लेक. तिच्या बोलण्याला मीच जबाबदार. पण डाव्या हाताने ती कधीपासून जेवते, हे मला सांगता येईना. रोज समोर बसते माझ्या.

२४ जानेवारी

हाताची डॉक्टर. बाई आहे, वयाने कोवळी, आवाजाने हेडमास्तर. थोरली, मी, सूनबाई – तिघी आत गेलो. "पेशंट कोण?" म्हणाली. म्हटलं, तिघींपैकी जिचं तोंड सर्वांत बंद ती.

तिने एक कागद घेतला. थोरलीला म्हणाली, अंगठा आणि बोटाच्या मधे नुसता धरून ठेवा, मी ओढते. डाव्या हातातून कागद सुटेना, फाटायची वेळ आली. उजव्यातून असा निघाला जसा कुणी धरलाच नव्हता. थोरली अंगठ्याचं टोक वाकवून वाकवून धरायला बघत होती. मला बघवेना. याच हाताने पितळ सोलते ती.

मग कोपराच्या मागे, आतल्या बाजूला, हाडाच्या खाचेवर टिचकी मारली. थोरली खुर्चीतून उडाली. डॉक्टर म्हणाली, करंगळीला जाणारी नस या खाचेतून जाते, वर नुसती कातडी. तुम्ही वर्षानुवर्षं हाड, लाकूड आणि मधे नस अशी ठेवली आहे. जात्यात सापडल्यासारखी.

"करंगळी कधीपासून बधिर?"

थोरली म्हणाली, "चौदा वर्षं होत आली."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "चौदा वर्षं? आणि कुणाला दाखवलं नाहीत?"

थोरलीने माझ्याकडे बघितलं नाही. मी छताकडे बघितलं. छत पांढरं होतं.

२८ जानेवारी

विजेची तपासणी. हातावर चिकट्या लावून नसेत वीज सोडतात, ती किती वेगाने बोटापर्यंत जाते ते यंत्र मोजतं. मनगटापासून पुढे जरा बरी धावली. कोपरापाशी अडली – दमेकऱ्याला जिना चढायला लावावं तशी. डॉक्टर म्हणाली, ऑपरेशन लगेच. नस खाचेतून सोडवायची आणि कोपराच्या पुढच्या बाजूला, स्नायूच्या आडोशाला नेऊन ठेवायची. "दाब मी काढू शकते. जे सुकलं ते परत येईल याची हमी देत नाही. तीन-चार वर्षांपूर्वी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. दहा वर्षांपूर्वी तर ठोकळ्यावर नुसती गादी घालून भागलं असतं."

नुसती गादी.

येताना बसमध्ये तिघी तीन बाकांवर बसलो. जागा होती एकत्र बसायला.

३१ जानेवारी

सूनबाई, आज थांबायचं नाही. पेन थांबलं तर मीही थांबेन, आणि मग पुन्हा व्हायचं नाही.

चौदा वर्षांपूर्वी यांचा हात असाच वळला. मी दवाखान्यात घेऊन गेले. तो डॉक्टर म्हातारा होता, मोठ्या आवाजाने बोलायचा. हे आत शर्ट चढवत होते. त्याने मला बाहेर व्हरांड्यात सांगितलं – हे वयाचं नाही, हे कोपर टेकण्याचं आहे. यांचं आता उशिराचं झालं. पण तुमच्याकडे त्या ठोकळ्यावर अजून कुणी बसत असेल तर आज उठवा, नाहीतर त्याचंही हेच होणार. मग विचारलं, "अजून कोण बसतं?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

थोरली दोन वर्षांपासून बसत होती.

घरी आल्यावर यांना सांगितलं, डॉक्टर म्हणतात वय झालं. वर्षाच्या आत थोरलीची करंगळी झोपली. आणि मी दोनदा गोड वाढून घेतलं, हे मी वर सांगितलं आहे.

का केलं? थोरली नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा अंगावर नुसतं कातडं होतं. बोलत नव्हती, जेवत नव्हती. ताट समोर ठेवायचं आणि तसंच उचलायचं, असे सात महिने. मग एक दिवस आपण होऊन खाली गेली आणि यांच्या शेजारी ठोकळ्यावर बसली. त्या संध्याकाळी जेवली. दुसऱ्या दिवशी बसली, जेवली. मला एवढंच दिसलं – बसली की जेवते. तिला त्या ठोकळ्यावरून मी कशी उठवू? हात जाईल तेव्हा जाईल, म्हटलं. हात काय, म्हातारपणी सगळ्यांचेच जातात.

लिहिलंस? वाचून दाखव. – नको. राहू दे.

१ फेब्रुवारी

आज सकाळी भांडी लावताना सूनबाई म्हणाली, "ताईंना तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. पण तुम्ही सांगा."

म्हटलं, ऑपरेशन होऊ दे.

४ फेब्रुवारी

सूनबाईने तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या नातीला, खाली कारखान्यात जायची बंदी केली. खालच्या दाराला आतून कडी. नात म्हणते, "आजी, खाली भूत आहे का?" म्हटलं, होतं, आता वर राहायला आलंय.

सूनबाईला हसू आलं नाही. मलाही नाही.

६ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. पावणेदोन तास.

आख्खा हात खांद्यापासून बधिर केला, डोकं जागं. मध्ये पडदा. बाहेर येऊन थोरली म्हणाली, "आई, आज हातच झोपला. गोड कर." नर्स हसली.

८ फेब्रुवारी

डॉक्टर पट्टी बघायला आली. मी विचारलं, बाई, नस दिसते कशी? म्हणाली, चांगली नस पांढरी, ओल्या सुतासारखी चमकदार असते. तुमच्या मुलीची खाचेच्या वर फुगून जाड झाली आहे, खाचेत चपटी, करड्या रंगाची. भोवती जुनं कडक आवरण, ते कापून काढलं. हाडाची बाजूची कडाही जरा तासली. आता मोकळी आहे.

म्हटलं, मोकळी झाली तर धावेल ना?

"धावणार नाही, आजी. वाढेल. दिवसाला एक मिलिमीटर." बोटाच्या चिमटीत दाखवलं. चिमटीत काही नव्हतंच.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. आमच्याकडे येतानाही मुंगीच्याच पावलाने आलं. म्हणून तर दिसलं नाही. – खोटं. दिसलं होतं. खोड सूनबाई, "दिसलं नाही" खोड.

ती म्हणते खोडणार नाही, दोन्ही राहू दे.

१८ फेब्रुवारी

टाके काढले. कोपराच्या आतून वीतभर व्रण, मधे जरा वाकडा. मी आपलं बोट फिरवलं, सवयीने. थोरली म्हणाली, "खोल आहे ना पुरेसा? भर काळं."

मी हात काढून घेतला.

३ मार्च

आज सांगणार होते. ती खिडकीपाशी बसून मऊ रबराचा चेंडू दाबत होती, व्यायाम शिकवणाऱ्या बाईने दिलेला. दोन बोटं चेंडूला टेकतच नव्हती. मी शेजारी बसले. म्हटलं, "तुझ्या बाबांना घेऊन दवाखान्यात गेले होते ना मी–"

"हं."

"तिथे पंखा नव्हता," मी म्हटलं.

एवढं बोलून उठले. सूनबाई दारात उभी होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो इथे मारणारीच खाते आहे.

११ मार्च

डॉक्टर कोपरापासून मनगटाकडे बोटाने टिचक्या मारत गेली. कुठपर्यंत मुंग्या येतात ते विचारलं. कोपराच्या खाली दोन बोटांवर थोरली म्हणाली, "इथे." डॉक्टरने तिथे पेनाने आडवी रेघ ओढली. "इथपर्यंत नस आली. पुढच्या महिन्यात रेघ पुढे गेलेली हवी."

घरी आल्यावर ती रेघ पुसू नये म्हणून मी तिला आंघोळीला प्लास्टिकची पिशवी बांधली. थोरली म्हणाली, "रेघ पुसली तरी नस मागे जात नाही, आई." मला कुठे शिकवलंय कुणी! पण मला रेघाच समजतात.

१५ एप्रिल

रेघ पुढे. दोन बोटं जास्त.

गावातली कामं आता समोरचा मशीनवाला घेतो. मशीन कोरतं, पितळ उडतं, तासात पाटी. मी बोट फिरवून बघितलं. सगळ्या रेघा सारख्या खोल. माणसाने मन लावलेलं कुठे आणि कंटाळलेलं कुठे, काहीच कळत नाही. मशीनवाल्याला सांगितलं, "छान आहे. मेल्यासारखं छान आहे." तो खूश झाला.

२ जून

डॉक्टरने थोरलीला विचारलं, "हात सुधारला तर आधी काय करायचंय?"

थोरली म्हणाली, "वेणी घालायची आहे. आणि डाव्या हाताची नखं कापायची आहेत."

मी मध्ये पडले. "अहो, ती लाजते. कोरायचंय तिला. कोरायला लागली की बाकीचं आपोआप येईल."

डॉक्टर थोरलीकडे बघत राहिली. थोरली म्हणाली, "आईला विचारा. आई सांगेल ते."

बिचारीने आशाच सोडली असावी. परतताना मी पूर्ण रस्ता कामाचं बोलत आले – अजून दोन महिने, मग हळूहळू, ठोकळ्यावर गादी घालू, मऊ, कापसाची, मी शिवते. तिने हूं हूं केलं.

९ जून

गादी शिवली. सुईत दोरा सूनबाईने ओवून दिला. शिवताना मनात आलं, एवढंच होतं. हातभर कापड, मूठभर कापूस, दुपारचं काम.

१४ ऑगस्ट

मी कडी काढली आणि थोरलीला खाली नेलं. सहा महिन्यांची धूळ पुसली. गादी ठेवली. रद्दी पितळेचा तुकडा दिला, यांची कोरणी दिली. म्हटलं, एकच उभी रेघ.

ती बसली. कोपर गादीवर. कोरणीचा गोल दांडा तळव्यात घेतला. बोटांनी वळवून धरायला गेली आणि अंगठ्याने साथ दिली नाही. कोरणी पितळेवरून घसरली, डाव्या हाताच्या अंगठ्यात गेली. रक्त फार नाही. ती "आई गं" सुद्धा म्हणाली नाही. नुसती बघत बसली त्या अंगठ्याकडे, जसा कुणा दुसऱ्याचा आहे.

मी म्हटलं, "पुन्हा."

सूनबाई जिन्यात होती. एरवी माझ्याशी अहो-जाहो करते. आज म्हणाली, "पुरे. पुरे कर आता. तुला कळतंय का तू काय करते आहेस?"

हे तिने स्वतःच लिहिलं आहे, मी सांगितलेलं नाही. पण बोलली ती हेच. राहू दे.

१५ ऑगस्ट

काल लिहिताना सूनबाई रडत होती की पेन गळत होतं, मला सांगता येत नाही. पान फुगलंय एवढं बोटाला कळतं.

२० सप्टेंबर

रेघ मनगट ओलांडून तळव्यात आली. करंगळीच्या बुडाशी थोरलीला गरम-गार कळायला लागलं. थोडं थोडं. काल तव्याचा चटका बसला आणि तिने हात मागे घेतला. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या बोटाने काही सांगितलं.

मी दिवसभर खूश होते. कुणाला चटका बसल्यावर खूश होणारी आई मी एकटीच असेन.

७ ऑक्टोबर

आज हाताच्या मांसात बारीक सुई घालून तपासलं. यंत्राला आवाज असतो. चांगल्या स्नायूत सुई घातली की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा वाजतो – डाव्या हातात वाजला. उजव्यात, त्या खड्ड्यात, सुई घातली. डॉक्टर म्हणाली, "दाबा." थोरलीने दाबलं. "अजून." कपाळावर घाम आला तिच्या. यंत्र गप्प. डॉक्टरने सुई जरा बाजूला घातली. गप्प. करंगळीच्या बाजूला घातली. एकदा टक् झालं, पुन्हा गप्प.

डॉक्टर खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली, म्हणजे मला कळलंच. डॉक्टर लोक चांगलं उभ्याने सांगतात. म्हणाली, स्पर्श येईल, बराचसा येईल. दुखणं थांबलं आहे, पुढे वाढणार नाही. पण बारीक ताकद देणारे स्नायू ऑपरेशनच्या आधीच सुकून गेले होते; नस तिथे पोचली तरी उठवायला कुणी नाही. आणखी एक ऑपरेशन करता येईल – दुसऱ्या बोटाच्या स्नायूची दोरी वळवून अंगठ्याला बांधायची. त्याने किल्ली फिरेल, बटण लागेल, वेणी होईल. "कोरणं नाही. कोरणं विसरा."

पाहुणा पोचला आणि घरात कुणी उरलं नाही, असं झालं.

थोरलीने विचारलं, "दुसरं ऑपरेशन कधी करता येईल?" आवाज अगदी साधा. घर बदलायला टेम्पो कधी येईल असं विचारावं तसा.

८ ऑक्टोबर

थोरली सकाळी गाणं गुणगुणत होती. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. सूनबाईला म्हटलं, लक्ष ठेव तिच्यावर. खालची सगळी हत्यारं मी पेटीत भरून पेटी पलंगाखाली सरकवली.

सूनबाई म्हणते, "आता तरी." हो. आता तरी.

१० ऑक्टोबर

सांगितलं.

दुपारी, जेवणं झाल्यावर. सूनबाई मुद्दाम नातीला घेऊन बाहेर गेली. मी थोरलीला म्हटलं, बस. ती बसली. मी म्हटलं, तुझा हात मी घालवला. व्हरांडा सांगितला, म्हातारा डॉक्टर सांगितला, "अजून कोण बसतं?" सांगितलं, "कोणी नाही" सांगितलं. वय झालं म्हणून यांना फसवलं तेही. गोड केलं तेही. मध्ये थांबले नाही. रडलेही नाही – रडले असते तर तिला मलाच पाणी आणून द्यावं लागलं असतं, आणि तिच्या हातून पेला पडतो.

तिने सगळं ऐकलं. बराच वेळ करंगळीवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुझी दुपारची गोळी घ्यायची राहिली आहे." उठली, गोळी दिली, आत जाऊन दार लोटलं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं मला.

११ ऑक्टोबर

ती संध्याकाळी जेवली. मी ताटाकडे बघत होते. सगळं जेवली.

१२ ऑक्टोबर

थोरली आज सकाळी माझ्या केसांना तेल लावायला बसली, डाव्या हाताने. मागून बोलली, त्यामुळे तोंड दिसलं नाही. म्हणाली, "बाबांनी त्या दिवशी सगळं ऐकलं होतं. शर्ट घालायला किती वेळ लागतो, आई? त्यांनी मला रात्री सांगितलं, उद्यापासून बसू नकोस. मी म्हटलं, आई डॉक्टरशी खोटं बोलली, म्हणजे आईला मी तिथे हवी आहे. म्हणून बसले. मला ते काम कधीच आवडलं नाही. पितळेच्या वासाने अजून मळमळतं."

मला तिथे नको होती ती. मला ती चार घास जेवायला हवी होती.